दहापैकी दहा

एका शनिवारी दुपारी चारच्या सुमारास माझ्या वडिलांनी, बाबूजींनी, हायवेवरच्या जाम गावाच्या चौकाजवळ रस्ता ओलांडायला घेतला. ट्रकने त्यांना धडक दिली. हिंगणघाटच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. धडकेच्या पाऊण तास आधी ते माझ्याशी फोनवर बोलले होते.

फोनवर नेमकं काय बोलणं झालं, हे दोन माणसांना माहीत होतं. त्यातला एक मी उरलो. पुढची दोन वर्षं मी त्यातलं अर्धंच लोकांना सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायचं तर आधी माझ्या कामाविषयी थोडं सांगावं लागेल.

मी विमानांशी बोलण्याची नोकरी करतो. गावात कुणी विचारलं तर असंच सांगतो, कारण वाहतूक नियंत्रक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे चौकातला शिट्टीवाला पोलीस येतो. कोणत्या विमानानं किती उंचीवर यायचं, कुणी थांबायचं, कुणी आधी उतरायचं, हे खालून आम्ही सांगतो. पायलटनं ते ऐकून जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं असतं. त्याला रीडबॅक म्हणतात. नुसतं "समजलं" म्हणून भागत नाही. धावपट्टीच्या अलीकडे थांबायचं की ती ओलांडायची, हे तर शब्दानं शब्द म्हणून दाखवावं लागतं. आणि तो म्हणत असताना आम्ही ऐकायचं. चुकलं तर तिथल्या तिथे टोकायचं. आपण गप्प बसलो, तर पायलट धरून चालतो की त्याचं बरोबर आहे.

नोकरी लागली तेव्हा हे सगळं मी घरी समजावून सांगितलं होतं. बाबूजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. ओसरीवर बसून त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे उजळणीच की बे. आम्ही चाळीस वर्सं तेच केलं. तुले विमानतळावर पाठवायची काय गरज होती, माह्याच वर्गात बसला असता."

आई आतून म्हणाली, "वर्गात बसला होता तेव्हा तरी तुमी कोठी लक्ष देल्लं त्याच्याकडे."

तेव्हापासून आमच्या फोनवर उजळणी सुरू झाली. मी काही सांगितलं की बाबूजी ते परत म्हणून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "किती मार्क?" मी दहापैकी मार्क द्यायचो. आईच्या गोळ्या कशा घ्यायच्या, मी कोणत्या गाडीनं येतोय, सेवाग्राम स्टेशनावर उतरतोय की वर्ध्याला, बँकेत कोणता कागद न्यायचा, सगळ्याची उजळणी व्हायची.

एकदा मी सांगितलं की आईची पांढरी गोळी सकाळी जेवणाआधी आणि पिवळी रात्री जेवणानंतर. ते म्हणाले, "पांढरी जेवणाआधी, पिवळी जेवणानंतर. किती?"

"साडेनऊ."

"काऊन? अर्धा कायचा कापला?"

"सकाळ-रात्र म्हटलं नाही तुम्ही."

"लय कडक मास्तर झाला रे तू. मी असा कधी कापला नाई कोनाचा."

"म्हणून तुमची मुलं गणितात नापास व्हायची."

"ते मायबापामुळे," ते म्हणाले, आणि मग पूर्ण वाक्य पुन्हा म्हणून दाखवून उरलेला अर्धा मार्क वसूल केला. आई पलीकडून ओरडली, की तुमचं झालं असेल तर गोळी द्या आता, दुपार होऊन राह्यली.

शेजारच्यांना हा चेष्टेचा विषय वाटायचा. बाबूजींना मात्र यात खरंच गोडी होती. आपण सांगितलेलं समोरच्याला कळलं की नाही, हे चाळीस वर्षं त्यांनी तपासलं होतं. आता त्यांचं कुणीतरी तपासत होतं. बाकावर बसल्यासारखं त्यांना वाटत असावं.

माझी पहिली नेमणूक दक्षिणेतल्या एका शहरात होती. तिथे तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. रोज सकाळी एक विमान यायचं. त्याला आम्ही रोज आठ हजार फुटांपर्यंत खाली यायला सांगायचो. त्या दिवशी आठ हजारावर दुसरं विमान होतं, म्हणून मी त्याला नऊ हजारावर थांबायला सांगितलं. पायलटनं रोजच्या सवयीनं आठ हजार परत म्हणून दाखवलं. मी पुढच्या विमानाकडे वळलो. माझ्या शेजारी एक वयानं मोठ्या बाई बसायच्या, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी रडारच्या पडद्यावर पाहिलं की विमान नऊ हजार सोडून आणखी खाली चाललंय. त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि माझ्या माईकमध्ये बोलल्या. विमान वर गेलं. काही झालं नाही. विमानातल्या लोकांनी चहा घेतला असेल.

चौकशी झाली. आमचं सगळं बोलणं टेपवर असतं. मला ती टेप ऐकवली. माझा आवाज शांत होता, सूचना बरोबर होती. पायलटचा आवाजही शांत आणि स्पष्ट. आठ हजार. मग दोन सेकंदांची शांतता, जिच्यात मी बोलायला हवं होतं. मग मी दुसऱ्या विमानाला नमस्कार केला. माझ्या जबाबात मी लिहिलं होतं, "पायलटचं उत्तर मला ऐकू आलं नाही." चौकशी करणाऱ्या साहेबांनी माझ्यासमोर ते वाचलं, पेन काढलं आणि विचारलं, ऐकू आलं नाही की ऐकलं नाही? मी त्यांच्याकडून पेन घेतलं. मग स्वतःच्या हातानं ते खोडून लिहिलं, की ऐकू आलं होतं, मी तपासलं नाही. मला काही आठवडे पडद्यापासून दूर ठेवलं, पुन्हा शिकवलं, आणि पुन्हा बसवलं. आमच्याकडे रीत अशी आहे, की आपली चूक आपणच सांगितली तर ती शिकवण्याच्या कामी येते. लपवली तर मात्र माफी नसते.

सुट्टीत घरी आल्यावर मी हे बाबूजींना सांगितलं. त्यांनी शिक्षकासारखे प्रश्न विचारले.

"तो चुकीचं म्हनून राह्यला होता तेव्हा तू काय करत होता?"

"ऐकत होतो."

"आयकत होता तर टोकलं काऊन नाई?"

ते हसले नाहीत. खांबाला टेकून बसले आणि म्हणाले, "मधली सुट्टी झाल्यावर पोरं पाढे म्हनत. मी टेबलापाशी बसून मान हलवत राहो. सतराचा पाढा त्याइच्या सुरात बरोबर चालला, की मले वाटे आकडेबी बरोबर आहेत. एक दिवस तपासनीस आले, त्याइनं आयकलं. अख्खा वर्ग सतरा सातं एकशे सतरा म्हनून राह्यला होता, आनं मी मान हलवून राह्यलो होतो."

"मग?"

"मग काय. पोरायचं काय चुकलं? ते तर म्हनून दाखवत होते."

पुढे माझी बदली घरापासून दीड तासावरच्या शहरात झाली. आमचं गाव जामच्या दक्षिणेला, हायवेपासून थोडं आत आहे. दर शनिवारी मी गाडीनं घरी यायचो. त्याच दिवशी बाबूजी वर्ध्याला ग्रंथालयात जायचे. वाचक आई होती. तिच्या हातची यादी त्यांच्या खिशात असायची, आणि यादीतलं पुस्तक मिळालं नाही तर ते जाड दिसेल ते उचलून आणायचे. आई म्हणायची, "वजनावर आनता काय पुस्तकं?" वर्ध्याहून एसटीनं ते जामला उतरायचे. एसटी थांबायची ती बाजू आणि मी शहराकडून यायचो ती बाजू, यांच्यामध्ये हायवे होता. ते दुभाजकातल्या फटीतून रस्ता ओलांडून पलीकडे यायचे आणि चहाच्या टपरीपाशी उभे राहायचे. मी आलो की गाडी बाजूला घ्यायचो आणि आम्ही पुढे गावाकडे निघायचो. चार वर्षं असं चाललं. एसटी वाटेत असतानाच त्यांचा फोन यायचा, मी म्हणायचो, "पलीकडे टपरीपाशी थांबा," ते म्हणायचे, "ओलांडून पलीकडे टपरीपाशी थांबतो. किती?" आणि मी म्हणायचो, "दहा." या उजळणीत मार्क कापण्यासारखं कधी काही नसायचं.

त्या शनिवारी मी शहरातून आलो नव्हतो. आदल्या दिवशीच रजा घेऊन घरी आलो होतो आणि दुपारी गाडीचं काम करून घ्यायला हिंगणघाटला गेलो होतो. म्हणजे मी जामला उलट्या बाजूनं येणार होतो, एसटी थांबते त्याच बाजूनं. फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये उभा होतो. मेकॅनिक चाकाखालून काढलेली एक घासलेली चकती हातात धरून मला दाखवत होता.

मी म्हटलं, "बाबूजी, आज मी हिंगणघाटहून येतोय. तुम्ही रस्ता ओलांडू नका. उतराल तिथेच एसटीच्या शेडखाली थांबा. मी त्याच बाजूला येतो, मग पुढून वळून घरी जाऊ."

ते म्हणाले, "बरं. ओलांडून पलीकडे टपरीपाशी थांबतो. तू ये आरामात. किती मार्क?"

मी चकतीकडे पाहत म्हटलं, "दहापैकी दहा."

"मले वाटलंच," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

आवाज स्वच्छ होता. गॅरेजमध्ये गोंधळ नव्हता. रेंज चांगली होती. हे मी इतक्या वेळा मनात तपासलंय की कुणी टेप मागितली तर मी तोंडी म्हणून दाखवू शकेन.

मी जामला पोचलो आणि शेडपाशी गाडी थांबवली. शेडखाली कुणी नव्हतं. दुभाजकातल्या फटीपाशी माणसं जमली होती. मी गाडीचं दार उघडायच्या आधी मला सगळं कळलं, फक्त कुणाला झालंय ते कळलं असं नाही, तर का झालंय तेही. त्यांचं वाक्य पुन्हा ऐकू आलं, आणि त्यानंतर माझं. लोक त्यांना एका जीपमध्ये घालायच्या तयारीत होते. मी माझ्या गाडीत घ्यायला लावलं. एक अनोळखी माणूस मागे बसला, त्यानं बाबूजींचं डोकं मांडीवर घेतलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, "भाऊ, जरा जोरात चालवा," आणि मग काही म्हणाला नाही. पुस्तकांची पिशवी कुणीतरी खिडकीतून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवली होती.

ट्रकचा ड्रायव्हर पळून गेला नव्हता. मी निघालो तेव्हा तो दुभाजकावर बसून होता. पंचनाम्यातही त्याची चूक निघाली नाही. म्हातारा माणूस टपरीकडे पाहत पुढे आला, ट्रककडे पाहिलंच नाही, असं तो म्हणाला. ते खरं असणार. माझी गाडी आली का, ते बघत असतील.

हवालदारानं माझा जबाब घेतला. फोनवर काय बोलणं झालं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मी त्यांना सांगितलं होतं की रस्ता ओलांडू नका, अलीकडेच थांबा." तो म्हणाला, मग? मी म्हटलं, "मग ते ओलांडायला गेले." त्यानं लिहिलं. लिहिलेलं मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर ना?" मी म्हटलं, "बरोबर." आणि सही केली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

ते वाक्य घरी माझ्या आधी पोचलं. काका, म्हणजे बाबूजींचे धाकटे भाऊ, दवाखान्यातून सगळ्यांना फोन करत होते. "पोरानं सांगतलं होतं, ओलांडू नका म्हनून. तरी गेलेच. आयकतेच कोनाचं." तेराव्यापर्यंत जो भेटायला आला, त्याला त्यांनी हे सांगितलं. त्यात दोष देण्याचा हेतू नव्हता. माणूस असा अचानक गेला की लोकांना कारण लागतं, आणि हे कारण सांगायला सोपं होतं. मी शेजारीच बसलेला असायचो. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "तुनं तर सांगतलं होतं बापा. तू काय करनार." मी मान हलवायचो.

आईनं मला एकदाच विचारलं. तिसऱ्या दिवशी, चुलीपाशी. "तुनं त्याइले सांगतलं होतं ना, ओलांडू नका म्हनून?"

"हो," मी म्हटलं.

"मंग काऊन गेले?"

तिनं माझं गप्प राहणं म्हणजे उत्तर समजलं.

त्यानंतर आई बाबूजींवर रागावली. हे कसं सांगावं मला कळत नाही. गेलेल्या माणसाविषयी लोक हळूहळू मऊ होत जातात. आई कडक होत गेली. तिच्या बोलण्यात त्यांचा विषय निघाला की पाठोपाठ घाई हा शब्द यायचा. घाईच लय होती त्याइले. जन्मभर एका जागी उभं राहता आलं नाही. दहा मिनिटं थांबले असते तर काय झालं असतं. ज्या माणसानं चाळीस वर्षं एका खुर्चीवर बसून पाढे ऐकले, टपरीपाशी पाऊण पाऊण तास माझी वाट पाहिली, तो माणूस आमच्या घरात उतावळा म्हणून ओळखला जाऊ लागला. पहिल्या वर्षश्राद्धाला पान वाढताना आई फोटोकडे न बघता म्हणाली, "घ्या. आता तरी सावकाश जेवा." बायका रडल्या. मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.

तिनं वाचणं सोडलं. पिशवीतली पुस्तकं मी वर्ध्याला नेऊन परत केली. तिची यादी पिशवीत होती, ती माझ्याकडे आहे. नवीन पुस्तकं आणू का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. डोळे दुखते." तिचे डोळे चांगले होते.

शहरात माझ्यासोबत राहणाऱ्या बायकोलाही मी सांगितलं नव्हतं. आईला सांगायचं ठरवून घरी जायचो आणि न सांगता परत यायचो. आईला आणखी दुःख होईल, असं मी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे मला भीती एकाच गोष्टीची होती. आईचा राग कुणावर तरी होताच. तो माझ्याकडे वळेल, याची.

मधल्या काळात मला नवीन मुलांना शिकवण्याचं काम मिळालं. पहिल्या चुकीनंतर मी ती चूक उघडपणे सांगायला शिकलो होतो, आणि दक्षिणेतल्या त्या विमानाची गोष्ट दर तुकडीला सांगत असे. मुलं लक्ष देऊन ऐकतात, कारण शिक्षक स्वतःचं चुकलेलं सांगतोय. या वर्षीच्या तुकडीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, पायलट चुकीचं म्हणाला आणि आपण पकडलं नाही, तर चूक कुणाची धरायची?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. "त्याची चूक त्याची. पण माणूस सवयीनं चुकणार, हे धरूनच तुम्हाला तिथं बसवलंय. तुम्ही बरोबर म्हटल्यावर ती चूक त्याची राहत नाही."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मी फळ्याकडे वळलो आणि खडू खाली ठेवला. तास लवकर संपवला.

त्या शनिवारी मी घरी गेलो. दुपारचं जेवण झालं होतं. आई ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत होती. मी समोर बसलो.

"आई, बाबूजींनी त्या दिवशी फोनवर उजळणी म्हटली होती."

"कोन्त्या दिवशी?"

"शेवटच्या. मी त्यांना म्हटलं होतं, ओलांडू नका, शेडखाली थांबा."

"ते मले माईत आहे."

"त्याच्या पुढचं माहीत नाही. ते म्हणाले, बरं, ओलांडून पलीकडे टपरीपाशी थांबतो. आणि मार्क विचारले."

सूप तिच्या मांडीवर होतं. ती खडे वेचत राहिली.

"मंग?"

"मी दहा दिले."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं नाही. "तुले आयकू आलं नसन."

ही वाट तिनं मला दिली होती. हो म्हटलं असतं तर तिनं ते मानलं असतं, आणि ती गोष्ट तिथेच मिटली असती.

"आलं होतं," मी म्हटलं. "स्पष्ट आलं होतं. मी लक्ष दिलं नाही. गाडीचं काम चाललं होतं. आणि ते दर शनिवारी तेच म्हणायचे, म्हणून मी न ऐकताच मार्क दिले."

"म्हनजे तुनं दहा देल्ले म्हनून ते ओलांडाले गेले."

"हो."

"त्याइनं घाई नाई केली."

"नाही. मी ज्याला बरोबर म्हटलं, तिथेच निघाले होते ते."

अंगणात शेजारच्यांची बकरी आली, तिला हाकलायलाही आई उठली नाही. मग म्हणाली, "मले वाटे, माह्या पुस्तकापायी गेले. मीच यादी देल्ली होती ना. तो विचार सोसत नव्हता, म्हनून त्याइच्यावर ढकलून राह्यली होती. आपलेच तर होते. आयकून घेनारे." तिनं सुपातली तूर हातानं सारखी केली. "दोन वर्सं मी त्याइले बोलून राह्यली. लोकायसमोर."

"हो."

"आनं तू बसून आयकत होता."

"हो."

"सराधाच्या दिवशीबी."

"हो, आई."

तिनं सूप खाली ठेवलं आणि आत गेली. मी वाट पाहत बसलो. मला वाटलं रडत असेल. थोड्या वेळानं तिच्या बोलण्याचा आवाज आला. ती काकांना फोन करत होती. "भाऊजी, आयका. त्याइची चूक नव्हती. नाई, तुमी मधात बोलू नका, आधी आयका." मग तिनं माझं सगळं म्हणणं क्रमानं सांगितलं, एक शब्दही मागेपुढे न करता. मी दिलेल्या मार्कांसकट. शेवटी म्हणाली, "ज्याले ज्याले तुमी सांगतलं, त्याले त्याले आता हे सांगा."

काकांनी सांगितलं. महिन्याभरात सगळ्यांपर्यंत पोचलं. त्यांनी मला फोन केला आणि चाचरत म्हणाले, "होते बे असं. तू मनाले लावून घेऊ नको. पन तेव्हाच सांगाले पायजे होतं." मी म्हटलं, हो, तेव्हाच सांगायला हवं होतं. बायकोला मी स्वतः सांगितलं, तिनं एकच विचारलं, की मला का नाही सांगितलं. हवालदाराकडे मी पुन्हा गेलो. तो म्हणाला, प्रकरण बंद झालंय साहेब, आणि यानं ड्रायव्हरला काही फरक पडत नाही. तरी मी एका कागदावर सगळं लिहून, सही करून त्याच्याकडे दिलं. त्यानं तो घडी करून फाईलमध्ये ठेवला.

वर्गात मी आता दोन गोष्टी सांगतो. दुसरी सांगताना विमान नसतं, त्यामुळे मुलांना आधी कळत नाही की ही कशासाठी. मग कळतं.

आईनं बाबूजींविषयी घाईचा शब्द पुन्हा काढला नाही. या वर्षीच्या श्राद्धाला तिनं पान वाढलं आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली. पुस्तकं आणू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सुनेला यादी देईन.

मी अजूनही दर शनिवारी घरी जातो. आई मला जेवायला वाढते, समोर बसते, तब्येत विचारते, शेताचं बोलते. फोनवर ती माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला की उचलते, आणि माझ्या हातातला फोन बायकोकडे द्यायला सांगते.